ब्लाऊजपीसांची गोधडी

मनकर्णाला गोधडीचा नाद होता. पोटापाण्यासाठी नव्हे, पोटापाण्याला चार एकर रान होतं, कांदा होता, ऊस होता, दोन म्हशी होत्या. कुणी म्हणालं, "काकू, मला एक शिवून द्या की, इकत घेते," तर ती म्हणायची, "इकायची म्हनल्यावर घाई करावी लागती बाई. मंग ती गोधडी न्हाई ऱ्हात, कामच हुतं."

सकाळची धार, भाकऱ्या, रानात कांद्याची लागण, बचत गटाची मीटिंग, एवढं सगळं उरकून दुपारचा तासभर हाताला लागला की बाई सुई घेऊन बसली म्हणून समजा. टाका असा, की तांदळाचे दाणे ओळीनं मांडून ठेवावेत. नेवासा तालुक्यातल्या त्या लहानशा गावात कुणाच्या गोधडीचा टाका मोठा पडला, तर बाया म्हणत, "मनकर्णाला दाखवू नगंस गं!"

घरात माणसं चार आणि गोधड्या अकरा झाल्या, तेव्हा नवरा आसाराम म्हणाला, "आता मानसं संपली. बारावी म्हशीच्या मापाची शिव."

"शिवीन की," मनकर्णा म्हणाली. "म्हस निदान मापाला गप उभी तरी ऱ्हाती."

पण बारावीला गिऱ्हाईक तयारच होतं. सून आरतीला सातवा महिना लागत होता. ओटी भरून पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी, कर्जतला जायची होती. तिच्याबरोबर अशी गोधडी धाडायची, की कर्जतच्या बायांनी तोंडात बोट घातलं पाहिजे, असं मनकर्णानं ठरवलं.

कापड कुठलं घ्यायचं, हे मात्र ठरेना. जुन्या साड्या अकरा गोधड्यांत संपलेल्या. शेवटी तिनं माळ्यावरची ट्रंक खाली घेतली. ट्रंकेत ब्लाऊजपीस होते. किती, ते देव जाणे.

ब्लाऊजपीस ही आपल्याकडची मोठी अजब चीज आहे. लग्न असो, वास्तुशांत असो, हळदीकुंकू असो, बाईच्या ओटीत एक पीस पडतोच. आणि तो शिवत मात्र कुणी नाही. आला तसा ट्रंकेत जातो, पुढच्या कार्याला दुसरीच्या ओटीत पडतो, तिच्याकडून तिसरीच्या. बिचाऱ्याचा जन्म घडीतच जातो. शेजारच्या लिडियाबाई अंगणवाडीत शिकवायच्या. त्या म्हणायच्या, "आमच्यात ओटी भरत नाहीत, तरी माझ्या कपाटात तीस पीस आहेत. येतात कुठून, प्रभूलाच ठाऊक!"

"ह्यास्नी एकदा थांबवायचंच," मनकर्णा म्हणाली आणि कात्री घेतली. सात ओळी, ओळीला सात चौकोन. एकोणपन्नास पिसांची गोधडी. कुठलाही रंग दोनदा नाही.

अमृतच्या, म्हणजे लेकाच्या, लग्नात आलेलं आहेराचं गाठोडं सोडलं तेव्हा तळातनं एक खण निघाला. पोपटी अंगाचा, काठ डाळिंबी. घडी उलगडली आणि मनकर्णाचा हात जागीच थांबला. काठात एके ठिकाणी, नखाएवढ्या जागेत, डाळिंबी दोऱ्याचा एक बारीक रफू होता.

तो रफू तिचाच होता. माणूस एक वेळ स्वतःचं अक्षर विसरेल, पण आपला टाका?

तीन वर्षांमागं तिच्या नणंदेनं, पंकजानं, नेवाशात घर बांधलं. त्या वास्तुशांतीला न्यायला म्हणून मनकर्णा मुद्दाम एस.टी.नं नगरला गेली होती. कापडबाजारात चार दुकानं पालथी घालून तिनं हा खण घेतला. घरी आल्यावर काठातला एक धागा तुटलेला दिसला, तो तिनं उजेडाला बसून रफू केला. फिरवायचा पीस नव्हता तो. "ह्यो शिवून घाल गं," असं बजावून दिला होता.

पंकजा नणंद होती ती नुसती नात्याला. मनकर्णा लग्न होऊन आली तेव्हा पोर दहा वर्षांची. तिच्या केसांतल्या उवा काढल्या मनकर्णानं, दप्तर शिवलं मनकर्णानं, आणि सासरी जाताना ती गळ्यात पडली तीही मनकर्णाच्याच. आजही पंकजाच्या घरी कढी फुटली तरी पहिला फोन इकडं. आरतीचं स्थळदेखील तिनंच शोधून आणलेलं. आणि त्या पंकजानं आपला खण दुसऱ्याच्या ओटीत लोटला! कुठं कुठं फिरून तो शेवटी आपल्याच ट्रंकेत येऊन पडला!

गॅसवर दूध उतू गेलं. मनकर्णा उठली नाही.

दुपारी लिडियाबाई आल्या. मनकर्णानं खण त्यांच्यापुढं टाकला आणि सगळं सांगितलं.

"मग विचारा की तिला सरळ," लिडियाबाई म्हणाल्या.

"इचारू? दिलेल्या वस्तूचं काय केलं, असं इचारावं व्हय मानसानं? न्हाई बाई. मी ह्यो खण गोधडीच्या बरुबर मधी लावनार. ओटीच्या दिशी यील तवा बघंल तिच्या डोळ्यांनी."

"आणि मग?"

"मंग काय न्हाई. बघंल."

"मनाबाई, आमचे पास्टर म्हणतात..."

"तुमच्या पास्टरला ननंद हाय का?"

लिडियाबाईंनी सुई-दोरा हातात घेतला. अशा बाईला दोरा ओवून द्यावा हे बरं.

गोधडी मांडली. खाली जुनी चादर, मधे दोन मऊ साड्या, वर पिसांचे चौकोन. कच्चा धावदोरा पडेपर्यंत मांडलेली गोधडी उचलता येत नाही. उचलली की आतलं कापड सरकून झोळ पडतो. त्यामुळं तीन दिवस सगळी पुढची खोली गोधडीची झाली. कारखान्यातनं ड्यूटी करून आलेला अमृत मागच्या दारानं घरात शिरू लागला. टीव्ही बघायचा तर भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन.

"माझ्या घरात मी पावना," आसाराम म्हणाला.

"पावन्यागत ऱ्हावा मंग. पावनं कुरकुर करत न्हाईत."

धावदोरा झाला आणि खरी शिलाई सुरू झाली. गोधडी शिवतात ती कडेनं. कडेकडेनं चौकट धरून आत आत यायचं, मधला चौकोन शेवटाला. म्हणजे त्या खणापर्यंत पोचायला मनकर्णाला अकरा दुपारी लागणार होत्या.

पहिल्या दिवशी प्रत्येक टाक्याला ती मनात पंकजाशी भांडत होती. चौथ्या दिवशी भांडण तेच ते व्हायला लागलं. सातव्या दिवशी एक पिवळा पीस शिवताना तिला आठवलं, की असाच पिवळा पीस पंकजानं कधीतरी आपल्याला दिला होता आणि आपण तो बचत गटाच्या हळदीकुंकवात कुणाला तरी देऊन टाकला होता. कुणाला, तेही आठवेना. दहाव्या दिवशी राग पार विरला आणि त्या जागी भीती येऊन बसली. चार बायांत पंकजाचं तोंड उतरलं तर? ती आपली उठून गेली, परत फोनच केला नाही तर? एका खणापायी पोरगी गमवायची?

"लिडियाबाई, मी काढते त्यो खण," ती म्हणाली. "उंद्या ओटी. आज साधा निळा लावते मधी."

तेवढ्यात आतून आरती मोबाईल घेऊन आली. "आई, बघा, साठ जनींनी बघितला!"

"काय बघितलं?"

"गोधडीचा फोटू. काल रातीला टेटसला ठेवलाय मी. लई भारी दिसत हुती!"

मनकर्णाच्या हातातली कात्री तशीच राहिली. आणि जणू वाटच बघत असल्यासारखा तिचा फोन वाजला. गल्लीतल्या भिमाजीची बायको.

"मनकर्णाताई, वरनं तिसऱ्या वळीत जांभळा पीस हाय न्हवं? त्यो मी मोनिकाच्या डोहाळजेवनात तिला दिल्ता! तुमच्याकं कसा आला?"

"मला काय म्हाईत बाई."

"मोनिका म्हनती, मी न्हाई कुनाला दिला. मंग पाय फुटले का त्याला?"

फोन ठेवला तर दुसरा. कुणाचा ठिपक्यांचा, कुणाचा सोनेरी बुट्ट्यांचा. गावभर बाया मोबाईलवर दोन बोटांनी गोधडी ताणून ताणून बघत होत्या आणि आपापले पीस ओळखत होत्या. संध्याकाळपर्यंत गावात तीन भांडणं झाली. आसाराम चावडीवरनं येऊन म्हणाला, "काय शिवलंय तू? आप्पासाहेबाच्या दोन सुना बोलंनात एकमेकींशी."

मनकर्णाचं लक्ष नव्हतं. "आरती, पंकानं बघितलाय का गं?"

आरतीनं बोटानं यादी सरकवली. "आत्याबाई... व्हय. काल रातीला आठ वाजून धा मिन्टांनी."

काल रात्रीपासून आज दिवे लागेपर्यंत पंकजाचा फोन नाही. ज्या बाईला कढी फुटली तरी दम निघत नाही, तिचा फोन नाही.

"आता काढलात तर कबुलीच झाली," लिडियाबाई म्हणाल्या. "राहू द्या तसाच."

दुसऱ्या दिवशी कर्जतहून विहीणबाई जीप करून आल्या. गल्लीतल्या बाया आल्या. पाटावर आरती हिरव्या साडीत फुलांचे दागिने घालून बसली. गोधडी पलीकडं खाटेवर अंथरलेली. मधला चौकोन अजून नुसत्या धावदोऱ्यावर होता. मनकर्णाचा जीव आज शिवण्यात लागलाच नव्हता.

पंकजा सगळ्यात शेवटी आली. आल्या आल्या "वयनी, च्या टाक!" म्हणून ओरडणारी बाई आज मुकाट पाया पडली आणि दाराजवळ बसली. मनकर्णानं चहा दिला, तो घेतला. गोधडीकडं एकदाही बघितलं नाही तिनं.

बाया मात्र ओटीपेक्षा गोधडीभोवतीच. "ह्यो माझा!" "तुझा कुठला, ह्यो माज्या जावंचा!" कालची भांडणं कुठच्या कुठं गेली होती, सगळ्याच चोर निघाल्यावर कोण कुणाला पकडणार? तेवढ्यात विहीणबाई वाकल्या, मधल्या खणावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं बया, ह्यो तर माझा!"



"म्हंजी तुमचाच की, पंकजाताई," विहीणबाई दाराकडं वळल्या. "पहिल्यांदा आमच्या घरी आल्ता, आरती पसंत केली, तवा तिच्या ओटीत तुमीच घातला न्हवं का ह्यो? डाळिंबी काठ, मला पक्का ध्यानात हाय..." आणि मग त्यांना एकदम उमगलं, की पोरीच्या ओटीतला खण मनकर्णाच्या गाठोड्यात गेला, याचा अर्थ काय होतो. त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता... लगनाच्या घाईत... गाठोडी बांधताना... हितं तिथं..."

आरतीनं कपाळाला हात लावला. बाया फुटल्या. हसू आवरेना कुणाला.

मनकर्णा पंकजाकडं बघत होती. "आरतीच्या ओटीत घातलास तू?"

"मंग? रित्या हातानं पोरगी मागायची का?" पंकजाला आता कुठं आवाज फुटला. "परवा फोटू बघितला आनि म्हनलं, वयनीनं मुद्दाम मधी लावला. मला दाखवायला."

"मुद्दामच लावला," मनकर्णा म्हणाली. "नंतर काढनार हुते."

"मला वाटलंच! रात्री जेवले न्हाई मी."

"मी पन न्हाई."

"आता खरं सांगू?" पंकजानं नाक पुसलं. "कर्जतला मी मावसदिराच्या लगनाला गेल्ते. त्यो खण तितं आहेर करायलाच नेल्ता. घरात दुसरा धड नव्हता. लगनात कुनी म्हनलं, एक चांगली पोरगी हाय, तर तशीच उठून गेले. पिशवीत खण हुता म्हनून काम झालं."

"म्हंजी तू द्यायलाच निघाल्ती!"

"व्हय, निघाल्ते. शिवून घाल म्हनलं हुतंस, पन माज्या दंडाचं माप बघितलंस का? खनात बसतंय का ते?"

मनकर्णाला हसू फुटलं, आणि ते फुटलं तसं डोळ्यांतनंही आलं. पदरानं दोन्ही पुसत ती म्हणाली, "म्हंजी सून आनली त्या खनानं."

"मी आनली," पंकजा म्हणाली. "खनाला नगं श्रेय."

बाहेर जीपवाला हॉर्न मारायला लागला. दिवस मावळायच्या आत कर्जत गाठायचं होतं. ओटी भरून झाली, आणि मधला चौकोन अजून उघडाच.

"दे इकडं सुई," पंकजा खाटेवर चढून बसली.

"तू? तुला बटन लावता येत न्हाई!"

"उवा तू काढल्यास, दप्तर तू शिवलंस, सगळं तूच करनार का? दे म्हनते ना."

मनकर्णानं सुई दिली. पंकजानं टाके घालायला सुरुवात केली. एक इकडं, एक तिकडं, एक बोटभर लांब. मनकर्णाचे हात शिवशिवले. अठ्ठेचाळीस चौकोनांत तांदळाचे दाणे आणि बरोबर मधे हे! कर्जतच्या बाया नेमकं तेच बघणार.

"अगं, ह्याला टाका म्हनत्यात का? उंट चालल्यागत चाललाय."

"चालू दे उंट. कर्जतपत्तूर पोचला म्हंजी झालं."

"मागं लिडियाबाई हसत्यात बघ."

"मी कुठं?" लिडियाबाईंनी तोंड फिरवलं.

हॉर्न पुन्हा वाजला. चौथी बाजू संपली, पण गाठ मारायची कशी, ते पंकजाला येईना. तिनं दोरा तसाच वहिनीच्या पुढं धरला. मनकर्णानं गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि ते वाकडे टाके परत एकदाही न बघता गोधडीची घडी घातली.