अमेरिकेच्या इतिहासाचा सत्कार

आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी मंडळात विद्वान ठरवायची पद्धत सोपी आहे. माणूस अमेरिकेला जाऊन आला की झाला विद्वान. गेल्या हिवाळ्यात मंडळाने ‘अमेरिकेचा इतिहास : एक संवाद’ ठेवला, तेव्हा मंचावर या मापाचे बरेच विद्वान बसले होते. त्यांच्यात तो इतिहास खरोखर शिकलेली एकच होती, माझी मुलगी. तिला कडेची खुर्ची मिळाली.

हा संवाद घडवून आणला मीच, अध्यक्षांच्या हात धुऊन मागे लागून. नवा रायपूरच्या एका संस्थेने पोरीला शिकवायची नोकरी देऊ केली होती आणि तिकडे अमेरिकेतल्या एका विद्यापीठानेही. उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं होतं. हे गेल्यापासून तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि टीव्ही, दोघंच असतो, आणि दोघांतलं कोण जास्त बोलतं ते शेजाऱ्यांना विचारावं. मला ती इथे हवी होती. वाटलं, आपल्या माणसांनी तिचं कान देऊन ऐकलं, तर तीच म्हणेल, इथेही आपल्या विषयाला माणसं आहेत. लेकीला थांबवायला दुसऱ्या आया पुरणपोळ्या करतात, मी परिसंवाद केला.

आता मंडळाचा नियम असा, की मंचावर बसला त्याचा सत्कार, आणि सत्कार झाला त्याने दोन शब्द बोलायचे. या दोन शब्दांना अंत नसतो. अध्यक्ष मुलाकडे न्यू जर्सीला हिवाळा काढून आलेले. “अमेरिकेचा इतिहास मी जवळून पाहिला आहे,” असं म्हणून त्यांनी तिथल्या रस्त्यांची रुंदी सांगितली. मग राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक उठले. त्यांनी कोलंबसापासून सुरुवात केली, आणि त्यांचं जहाज काही केल्या किनाऱ्याला लागेना. माझ्या शेजारची बाई मधल्या समुद्रातच झोपली.

मुलाखत घ्यायला एका हिंदी पेपरचे पत्रकार आणले होते. त्यांच्या पहिल्या प्रश्नात आपली लोकशाही, त्यांची लोकशाही आणि त्यांचा स्वतःचा एक जुना अग्रलेख एवढं सगळं होतं. उत्तरही त्यांनी प्रश्नातच घातलं होतं. शेवटी म्हणाले, “आप सहमत हैं?”

“थोड़ा अलग है, सर,” पोरगी म्हणाली आणि माइक जवळ घेऊन मराठीत बोलू लागली. तिची मराठी अडखळते, तरी बोलली. “गुलामीतून सुटलेल्या काही लोकांना तिथे जमीन मिळाली होती. मी त्यांच्यावर काम करते. त्यांनी शेती सुरू केली, घरं बांधली. मग एक दिवस...”

तेवढ्यात सचिव मंचावर चढले आणि माइकमध्ये ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजले, “बेटा, आलूबोंडे थंडे होऊन राहिले.”

अध्यक्षांनी लगेच प्रश्नोत्तरं जाहीर केली. एका काकूंनी विचारलं, “तिकडं भांडे सोताच घासा लागते का?” एका गृहस्थांना पोट्ट्याला कोणत्या लायनीत टाकलं तर व्हिसा लवकर मिळतो ते हवं होतं. अमेरिकेचा इतिहास तेवढा कोणालाच नको होता. पोरगी सगळ्यांना हसून, नीट उत्तरं देत होती आणि मला भीती वाटायला लागली. मी तिला ओळखते. ती चिडली असती तर आशा होती. ती पाहुण्यासारखी गोड बोलत होती.

मी हात वर केला. “मग एक दिवस काय झालं?”

“भाभीजी, घर की बात घर में पूछ लीजिए,” पत्रकार म्हणाले. सगळा हॉल हसला आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

परत येताना तेलीबांध्याच्या तळ्यापाशी मी ऑटो थांबवला आणि तिला बाकावर बसवलं. “सांग आता. मग एक दिवस काय झालं?”

“रहने दे ना आई.”

“काहून रहने दे? तेच ऐकासाठी मी एवढा तमाशा मांडला.”

मग ती हिंदीत सांगायला लागली. यादवी युद्धात हरलेले जुने मालक सरकारची माफी मिळवून परत आले, सरकारनेच जमिनी त्यांच्या हवाली केल्या, आणि ज्यांनी पेरलं होतं त्यांना सांगितलं, आता इथेच मजुरी करा. “फसल खड़ी थी, आई,” ती म्हणाली. एका म्हातारीने शेत सोडायला कसा नकार दिला, ते सांगताना ती बाकावरून उठून उभीच राहिली. बाजूला भेळ खाणारं एक जोडपं खाणं थांबवून ऐकत होतं. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले, पोरगी इतिहासात काहीतरी करते. ती काय करते ते मला त्या बाकावर कळलं. अभिमानाने छाती भरून आली आणि त्याच क्षणी मंडळाचा तो मंच आठवला. हिला मी इथे कोणासमोर बसवणार होते?

बोलून झाल्यावर ती परत माझ्याजवळ बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, “यहाँ वाली नौकरी का... तू बोलेगी तो रुक जाऊँगी.”

हेच ऐकायला मी सगळा घाट घातला होता.

“तिकडच्याइले हो म्हण,” मी म्हटलं. “आन आताच कळवून टाक. उद्या सकाळी मी रडून तुले थांबवीन.”