कापसावरच्या कोंबड्या

गादीवालीला घाबरायला निमित्तच लागत नसे. दारात अनोळखी माणूस दिसला की ती घाबरायची. फोन जरा जास्त वेळ वाजला तरी घाबरायची. पण त्या संध्याकाळी तिच्या काळजात जे धस्स झालं, ते उगाच नव्हतं. खुराड्याचं दार लावायला ती वाकली आणि आतून घरघर ऐकू आली. ओली, अडखळणारी घरघर. ती तिच्या चांगल्याच ओळखीची होती, कारण शेजारच्या उशीवरून ती कित्येक वर्षं तीच ऐकत आली होती.

नवरा गादीवाला. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र, मागच्या खोलीत संसार, त्याच्या मागे अंगण आणि अंगणात पाच कोंबड्या. नवरा पिंजायचा, ती खोळी शिवायची. यंत्र सुरू झालं की कापसाची धूळ पापण्यांपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळीकडे बसायची. मूलबाळ झालं नाही, म्हणून सगळी माया कोंबड्यांवर. त्यातल्या एकीचं नाव ठेकेदारीण, कारण ती बाकीच्यांना माती उकरायला लावायची आणि सापडलेला किडा स्वतः गिळायची.

आता, लाड करावेत, पण काही धरबंध? साध्या भुशावर कोंबडी सुखाने राहते. पण ह्या पडल्या गादीवाल्याच्या कोंबड्या! जुन्या गाद्यांतून निघालेला कापूस बाई खुराड्यात जाड अंथरायची. थंडी पडल्यावर तिने जाळीला चारी बाजूंनी कापड शिवून टाकलं, आणि शिवण अशी पक्की की वाऱ्याला बोटभर फट मिळू नये. तिला त्या कामाचा केवढा अभिमान होता.

सकाळी पाहते तर ठेकेदारिणीच्या डोळ्यात फेस, चेहरा एका बाजूने सुजलेला. मान झटकून शिंकत होती. धाकटी कोंबडी चोच उघडी टाकून श्वास घेत होती. नवऱ्याचा खोकला कोंबड्यांना लागला, की कोंबड्यांचा नवऱ्याला? कसंही असलं तरी घर बसलंच म्हणायचं.

"अहो, आज तरी डॉक्टरकडे चला," ती म्हणाली.

"खोकला माझा जुना भाडेकरू आहे," यंत्र न थांबवता तो ओरडला. "मुकाट राहतोय, त्याला कशाला हाकलायचं?"

मुकाट! पुढचं वाक्य त्याला खोकल्यामुळे पुरं करता आलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. त्या दिवशी घरात डॉक्टर आल्या, पण जनावरांच्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला फटकळ. ठेकेदारिणीची छाती त्यांनी कानाशी धरली, नाक पुसून पाहिलं. मग कोंबडी खाली ठेवून बाईला म्हणाल्या, "जरा खुराड्यात डोकं घाला बरं."

"मी?"

"हो, तुम्हीच. कोंबडी बसते तितकं खाली."

बाईने गुडघे टेकून डोकं आत घातलं. नाकात इतकी उग्र झिणझिणी गेली की डोळ्यांतून पाणी आलं. कापूस वरून मऊ, खाली विष्ठेने ओला. हात लावताच त्यातून धूळ उठली. तिला गुदमरल्यासारखं झालं आणि ती धडपडत मागे आली.

"ह्यात त्या रात्रभर असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार जंतूंचा आहे, पण तो तुमच्या मायेवर पोसला गेला. कापड फाडा. कापूस काढा, कोरडा, जाडा भुसा घाला. औषध पाण्यातून द्या आणि दुसरं पाणी मिळू देऊ नका, तो गळका नळसुद्धा बांधा. मी सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत. नवी कोंबडी ह्यांच्यात कधीच आणायची नाही."

"मग बऱ्या होतील ना?"

"बऱ्या दिसतील. आजार मुळातून जात नाही, अंगात दबून राहतो. हाल झाले की पुन्हा डोकं वर काढतो."

"आणि आमच्या ह्यांना तो..."

"माणसांना हा लागत नाही."

बाईने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात पुढच्या खोलीतून खोकल्याची उबळ आली, लांबलचक. डॉक्टरीणबाई बॅग बंद करता करता थांबल्या. "मी जनावरांची डॉक्टर आहे," त्या हळू म्हणाल्या, "पण हा आवाज मला बरा वाटत नाही." आणि बाईला आता खरी भीती वाटली. कोंबड्यांकडून नाही, तर मग कशाने? उत्तर तिच्या पापण्यांवर बसलेलं होतं.

तिने स्वतःची शिवण स्वतःच्या हाताने उसवली. ठेकेदारीण औषधाचं पाणी प्यायली, इतरांना ढकलून आधी प्यायली, आणि हळूहळू तिची सूज उतरली. बाकीच्याही सावरल्या. धाकटी मात्र वाचली नाही.

अंगणाच्या कोपऱ्यात नवरा खड्डा खणायला लागला. जमीन काही कठीण नव्हती, तरी अर्ध्यावर दम लागला आणि तो कडेला बसला. ती विनोदाची वाट पाहत राहिली. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर एक विनोद असायचा.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. "मुळातून जात नाही?"

"नाही जात."

"मग जगतात कशा?"

तिने उरलेल्या चौघींकडे पाहिलं. नवऱ्याकडे बघायचा तिला धीर होईना. "हवा लागते. धुळीपासून लांब ठेवायचं. औषध चुकवायचं नाही."

"आणि गादीवाल्याने धुळीपासून लांब कुठे जायचं गं?"

तिने त्याच्या हातातलं फावडं घेतलं, राहिलेला खड्डा खणला, धाकटीला ठेवलं आणि माती लोटली.

"उद्या यंत्र लावायचं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरकडे जायचं."

त्याने हातावरची माती झटकली.

"तू आत येशील ना माझ्याबरोबर? दाराशी थांबू नकोस. मला फार दिवसांपासून भीती वाटतेय."