तुरुंगासमोर बोलेरो

आमच्या घरात प्रेमगीतांना बंदी नव्हती, पण मानही नव्हता. बाबा गिरणी कामगारांची पत्रकं लिहायचे, आई त्यांच्या घड्या घालायची, मी वाटायचे. ज्या गाण्यात मागणी नाही ते गाणं म्हणजे नुसता वेळकाढूपणा, ही समजूत घेऊनच मी अमेरिकेत ॲन आर्बरला शिकायला आले.

आमच्या खालच्या मजल्यावर मेक्सिकोची एक बाई राहायची, आईच्या वयाची. ओळख तळघरातल्या लॉन्ड्रीत झाली. मी तिला सेन्योरा म्हणायचे, ती मला मिहा, म्हणजे पोरी. २००७ च्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याला कामावर जाताना इमिग्रेशनवाल्यांनी उचललं आणि तासाभराच्या अंतरावरच्या एका तुरुंगात ठेवलं. त्याला आता देशाबाहेर काढणार होते. कागदपत्रं तिच्याकडेही नव्हती. भेटीच्या वेळी ती दाखवावी लागत; गेली असती तर तीही आत गेली असती.

मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी इशारा. लॉन्ड्रीत तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावून सांगितलं.

"छान आहे, मिहा. पण हे त्याला ऐकू कसं जाणार?"

"हे त्याच्यासाठी नाहीये. सरकारसाठी आहे."

"मग सरकारला दे. मला त्याच्यासाठी काहीतरी हवंय."

तिला बोलेरो गायचा होता, म्हणजे त्यांच्याकडचं संथ लयीतलं प्रेमगीत, तिच्या आईच्या तरुणपणचं. लग्नाआधी मित्र आणि गिटारी घेऊन नवरा तिच्या खिडकीखाली हेच गाणं म्हणायला आला होता. त्यांच्याकडे तशी रीतच आहे. मुलीच्या मनात असेल तर ती दिवा लावते. आता खिडकीआड तो होता आणि खाली उभं राहायची पाळी तिची होती. त्याला नेण्याआधी एकदा आपला आवाज त्याच्या कानावर पडावा, बस.

तिने अर्थ सांगितला तेव्हा मला चीडच आली. गाण्यातला माणूस नुसता विनवतो की जाऊ नकोस. संघटना नाही, मुदत नाही, जाब विचारणं नाही.

माझी रूममेट नागपूरची. "यार, तू स्टुडंट व्हिसावर आहेस. जेलसमोर घोषणा देशील, तुलाच आत टाकतील. मग तुझ्यासाठी कोण गाणार? मला तर सूरही लागत नाही." एवढं बोलून तिनेच गाडी काढली.

रविवारी दुपारी आम्ही तुरुंगासमोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. बर्फ पडत होता. तिचा दीर गिटार घेऊन आला होता, चर्चमधली काही मंडळी होती, एरवी आपसात फक्त इंग्रजी बोलणाऱ्या त्यांच्या मुली होत्या. सेन्योराने पहिली ओळ घेतली आणि दुसरीला सगळेच गायला लागले. काठी टेकत आलेली म्हातारी आणि त्या मुली, कुणालाही शब्द सांगावे लागले नाहीत. माझ्या पिशवीतला भोंगा पिशवीतच राहिला. मागणी मान्य झाली किंवा फेटाळली गेली, की पत्रकाची रद्दी होते. हे गाणं जे मागतं ते कधीच कुणाला मिळालेलं नाही, म्हणून ते जुनं होत नसावं.

वरच्या मजल्यावरच्या चिंचोळ्या खिडकीत एक तळहात काचेला टेकला. मग शेजारच्या खिडकीत दुसरा. मग ओळीने सगळीकडे हात. काचा ठोकल्याचा धप धप आवाज रस्त्यापर्यंत येऊ लागला.

"ऐकलं त्याने!" ती ओरडली. "मिहा, ऐकलं!"

दिराकडे कागदपत्रं होती. गाणं संपल्यावर तो भेटीसाठी आत गेला आणि लगेच परत आला. "आज सकाळीच हलवलंय त्याला. कुठे, ते सांगत नाहीत."

वरचे हात तसेच होते, अजून गा म्हणून काच ठोकत होते. त्यांतला एकही त्याचा नव्हता.

"चला मावशी, गाडीत बसा," रूममेट चक्क मराठीत म्हणाली.

दीर गिटार पेटीत ठेवत होता.

"काढ ती बाहेर," सेन्योरा म्हणाली.

त्याने काढली, सूर दिला. तिने तुरुंगाकडे पाठ केली आणि हायवेकडे वळली. मग उलट्या बाजूला, शेताकडे. तोंड कुठल्या दिशेला करावं, हे तिला ठरवता येईना. तशीच फिरत ती गायला लागली.