झल्लाकमधलं डॉगवूड

आमच्या हॉटेलच्या साहेबांनी थंड देशातून एक झाड आणलं आणि ते फुलवायचं काम रत्नागिरीकडच्या एका माणसावर आणि नागपूरकडच्या एका बाईवर येऊन पडलं. माणूस म्हणजे हॉटेलचे माळी. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. बाई म्हणजे मी.

नव्वदीच्या दशकातली, आखातातली गोष्ट. झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात मी खरेदी विभागात होते. झिंजमधल्या घरातून रोज सकाळी कंपनीच्या बसने यायचं, भाजी-मासळीपासून साबणापर्यंत सगळ्याच्या ऑर्डरी टाकायच्या आणि संध्याकाळी परत जायचं. बागेशी माझा संबंध खतापुरता.

नोव्हेंबरात विमानाने ते झाड आलं. नाव डॉगवूड. कुंडीत लावलेलं, छातीइतक्या उंचीचं, फांद्यांच्या टोकाला शर्टाच्या बटणासारख्या कळ्या. साहेबांच्या गावी म्हणे ही झाडं रानाच्या कडेला, मोठ्या झाडांच्या सावलीत आपोआप येतात आणि हिवाळा सरला की पानं फुटायच्या आधीच पांढरीशुभ्र होतात. साहेबांच्या टेबलावर तसा फोटोच होता. ते पांढरं दिसतं त्या पाकळ्या नव्हेत, ती एक प्रकारची पानं, खरं फूल मधल्या ठिपक्याएवढं, हेही त्यांनीच सांगितलं. एवढ्या लांबून आणून फूल ते नव्हेच, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

एप्रिलात चाचांचा व्हिसा संपत होता. तो वाढवायचा कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होता. डिसेंबरात रजेवर निघताना साहेब कुंडीपाशी थांबले आणि चाचांना म्हणाले, "हे झाड फुलव, मी सही करतो." म्हणाले आणि हसले.

चाचा हसले नाहीत. दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर सोळा वर्षं काढलेल्या माणसाला साहेबाची थट्टा थट्टा वाटत नाही. त्यांची धाकटी मुलगी गावाकडे डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. तिचं शिक्षण पुरं व्हायला दोन वर्षं हवी होती, आणि ती दोन वर्षं त्या कुंडीत होती.

दुपारच्या जेवणाला ते माझ्या टेबलाशी आले. "बाय, तुझा बाप बागेत कामाला होता ना?"

होता. दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत, जन्मभर. त्यामुळे झाड कसं फुलवतात हे मला ठाऊक होतं. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाला ताण द्यायचा. ताण म्हणजे पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. मालकाची बायको घाबरते. मग संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडलं की झाडाला वाटतं आता जगलो, आणि ते पांढरं होतं.

"पाणी बंद करा," मी म्हटलं.

"बंद? मी रोज दोनदा घालतो. तेही पिण्याचं. नळाचं खारट लागतं."

"म्हणून तर ते आरामात बसलंय. कशाला फुलेल?"

चाचांनी विचार केला. मग म्हणाले, "खरं हाय. मोहोराआधी आंब्याला पण कोण पाणी घालतो?"

संत्रं आणि आंबा, दोन्हीकडून एकच निकाल. दोन मराठी माणसांचं इतक्या पटकन एकमत झालं तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पाणी तोडलं. पंधरा दिवसांत पानं लाल झाली, नाताळापर्यंत एकूण एक गळाली. मी रोज जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागे सावलीत ठेवलेली ती कुंडी बघून यायचे आणि चाचांना सांगायचे, ताण मस्त बसलाय. ते म्हणायचे, "इंशाल्ला." त्यांच्या इंशाल्लात दिवसेंदिवस जोर कमी होत गेला.

संक्रांतीला मी घरून तिळाच्या वड्या नेल्या आणि आम्ही पाणी सोडलं. आठवडा गेला. दुसरा गेला. बटणं सुकून मातीत पडली. चाचांनी एक बारीक फांदी वाकवली. ती कट्‌कन मोडली. नखाने साल खरवडली, आत हिरवं काही नव्हतं.

"बाय," ते म्हणाले, "हे खलास. आणि मी पण."

त्या रात्री मी माझ्या मुलीला तिच्या शाळेच्या वाचनालयातल्या जाड ज्ञानकोशात हे झाड शोधायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने वाचून दाखवलं. मुळं वरवर असतात, कोरडं अजिबात चालत नाही, फुलायला थंडी लागते. "इट वॉन्टेड कोल्ड, मम्मी. यू गेव्ह इट थर्स्ट." मी तिला मराठीत गप्प बसवलं.

साहेब शनिवारी येणार होते. चूक माझी होती, तेव्हा सांगायचंही मीच. चाचांना नुसतं म्हटलं, तुम्ही बोलू नका. वाक्य तयार केलं, बसमध्ये दोनदा म्हणून पाहिलं. आणि चाचांचा व्हिसाचा कागद ऑफिसातून मागून घेऊन माझ्या सहीच्या फाइलच्या वर ठेवला, कारण वाक्य संपल्यावर काहीतरी मागायचं तर हातात हवं.

साहेब आल्या आल्या लाँड्रीच्या मागे गेले. मी मागोमाग. कुंडीतल्या काटक्यांसमोर ते उभे राहिले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"परफेक्ट! आमच्याकडे आज अगदी असंच दिसत असेल. पूर्ण झोपलंय. मला वाटलं होतं, हे लोक पाणी घालून घालून त्याला झोपूच देणार नाहीत."

चाचा जमिनीकडे बघत होते. माझं वाक्य तोंडात होतं. मी ते गिळलं आणि फाइल पुढे केली. साहेबांनी कुंडीच्या कडेवर टेकवून सही केली. दोन वर्षं.

"ह्या माणसाला झाडं कळतात," ते मला म्हणाले.

मी म्हटलं, "हो सर."

मार्चअखेरीस साहेबांच्या बायकोने चहाला पाहुणे बोलावले. कुंडी हिरवळीच्या मधोमध आणली होती. साहेब सगळ्यांना सांगत होते की वसंत यंदा उशिरा आहे. तेव्हा पाहुण्यांच्या केकवरचं क्रीम वितळत होतं.

मे महिन्यात मी चाचांना म्हटलं, आता टाकून द्या. ते ऐकेनात. झाड आहे तोवर झाडाचा माणूस आहे, असा त्यांचा हिशेब. रोज सकाळी दोन तांबे पाणी, पिण्याचं, त्या काटक्यांना.

जूनमध्ये साहेबांची बदली झाली. नवे साहेब दिल्लीकडचे, कडक. पहिल्याच फेरीत, मी फाइल घेऊन मागे होते तेव्हा, त्यांनी कुंडीकडे बोट केलं. "ये सूखी लकडी किसने रखी है?"

"साब," चाचा म्हणाले, "ठंडे मुल्क का पेड है. टाइम लेता है."

नव्या साहेबांनी कुंडीभोवती एक चक्कर मारली. ओली माती बोटाने दाबून पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, पाणी पुरेसं मिळतंय ना?

मी म्हटलं, मिळतंय.