तोंड उघडं ठेवणारे काका

संग्रहालयात शनिवारी संध्याकाळी तोफखान्यातले निवृत्त सैनिक लढाईच्या आठवणी सांगतात. मी तिथे खुर्च्या मांडतो. नववीत शाळा सोडून गोंदियाहून नाशकात आलो, तेव्हा सिन्नरच्या एका काकांनीच मला इथे कामाला चिकटवलं. तेही तोफखान्यातले, पण स्वतःचं कधी सांगत नाहीत. सांगणारा तोफ डागण्यापर्यंत आला की कान दाबून तोंड उघडं ठेवतात. लोक हसतात. "हसू द्या. नायतर कानाचा पडदा फाटतो," काका म्हणतात.

परवा सगळे गेल्यावर मी खुर्च्या गोळा करत होतो. काकांनी एकदम कान झाकले.

"तोंड उघड, बाळा. कान दाब."

मी घाबरून तसं केलं. आवाज आला नाही, पण पायांखालची फरशी हादरल्यासारखी वाटली.

"गोळा लांब पडला," काका म्हणाले. "सोड हात."

मी सोडले. त्यांनी सोडले नाहीत.