पत्र पाहणाऱ्या काकू

आमच्या बालगृहाच्या गृहमाता, काकू, पाकीट कधी फाडत नसत. केसांतल्या पिनेने कडेने उघडायच्या, आतलं वाचायच्या आणि भाताचं शीत बोटाने चिरडून पुन्हा चिकटवायच्या. तिथल्या प्रत्येक मुलीच्या पत्राला भाताचा वास असे. कुणी कुरकुरलं की म्हणत, "वाचून नाही राहिली वो, पाहून राहिली."

आई गेल्यावर चौदाव्या वर्षी मी तिथे आले. धाकट्या भावाला, सोहमला, भंडाऱ्याकडे मुलांच्या बालगृहात ठेवलं. मी गोंदियातल्या इंग्रजी शाळेतली, त्यामुळे त्याला इंग्रजीतच लिहायचे. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पत्र त्यांच्या टेबलावर पडून राही. "मराठी येत नाही का तुले? का लपवाचं आहे काही?" मग स्वयंपाकघरात, तांदूळ निवडणाऱ्या पोरींसमोर, मला ते मराठीत वाचून दाखवावं लागे. दोन पत्रांनंतर मी फक्त मार्क आणि हवामान लिहू लागले.

एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी नियमाचा कागद दिला: पाकीट मुलीसमोर उघडावं, आत काही वस्तू नाही ना एवढंच पाहावं, मजकूर वाचू नये. काकूंनी तो भिंतीवर नीट लावला. दुसऱ्या दिवसापासून त्या आमची पत्रं आमच्यासमोर वाचू लागल्या. मी भिंतीकडे बघितलं, तर म्हणाल्या, "समोरच वाचून राहिली न आता? अजून काय पायजे?" मी गप्प बसले. मी नेहमीच गप्प बसायचे, आणि आता राग येतो तो त्याचाही.

त्यांच्या भीतीला कारण होतं. लग्नाचं आमिष दाखवणाऱ्या एका पत्रामागे आमच्यातली एक मुलगी रायपूरला गेली होती. काकूच तिला शोधून घेऊन आल्या. आणि जिला कुणाचंच पत्र येत नसे, तिला दिवाळीला एक पोस्टकार्ड यायचं: "नीट जेव. अभ्यास कर." खाली सही नसे. अक्षर सगळ्यांना ओळखू यायचं. अशा बाईवर धड चिडताही येत नाही.

मागच्या वर्षी सोहमला अठरा पूर्ण झाली आणि तो बाहेर पडला. भेटल्यावर सहज बोलून गेला, "तू दहावीत होतीस तेव्हा मला कावीळ झाली होती. दवाखान्यात भेटायला ये म्हणून लिहिलं होतं तुला, अडकू नये म्हणून मुद्दाम मराठीत. बारा दिवस दाराकडे बघत होतो."

ते पत्र मला मिळालंच नव्हतं.

काकू आता निवृत्त होऊन सालेकशाला राहतात. मी फोन केला. त्यांना लगेच आठवलं.

"तुही परीक्षा होती न बाई. रडत बसली असती."

"बसले असते, काकू."

इतक्या वर्षांत मी त्यांना दिलेलं हे पहिलं उत्तर. मग त्यांनी विचारलं, "जेवली का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते.