सूपभर ज्वारीचं लेकरू

वडीगोद्रीत तुळजाबाई सुईणीला विचारल्याशिवाय कुणी जन्मालाच येत नसे. गावातल्या निम्म्या आयांची गुपितं तिच्या पोटात होती, आणि पोट ऐसपैस असल्यानं एकही कधी बाहेर डोकावलं नव्हतं.

त्यातलंच एक द्वारकाबाईचं. तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं झालं, तेव्हा मरणाची नजर चुकवायला तुळजाबाईनं रिवाजाप्रमाणं ते उकिरड्यावर ठेवलं, स्वतःच उचललं आणि सूपभर ज्वारी घेऊन द्वारकाबाईला ‘विकलं’. नाव ठेवलं कचरू. एवढं गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की मरणानं पुन्हा ओळखू नये म्हणून त्या दिवसापासून द्वारकाबाईनं त्याला तोंडानं ‘माझा’ म्हणायचं नाही अशी शपथ घेतली होती.

नव्वद साली कचरू बावीस वर्षांचा झाला. हायवेवर पंक्चरचं दुकान, अंगापिंडानं दांडगा. जालन्याच्या मस्तगडातून पुष्पाबाई भावाला घेऊन, मुलीसाठी त्याला बघायला आली. पोरगा पसंत पडला. पण चहा ओठाला लावण्याआधी तिनं विचारलंच.

“ईनबाई, राग मानू नका. फाट्यावर लोक सांगून राह्यले, पोरगं इकत घेतलंय म्हणून. तुमचंच हाय ना?”

द्वारकाबाईनं पदर सारखा केला. “न्हाई बाई. ह्या तुळजाबाई सुईणीकडचं हाय ते. मी सूपभर ज्वारी देऊन घेतलं.”

पुष्पाबाईनं कप खाली ठेवला. “मंग आईबाप कोण? कूळ कोणतं? ऊठ रे दादा, निघू आपण.”

तुळजाबाई शेजारीच बसली होती. रिवाज समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. आईच नाही म्हणते, तिथं सुईणीचं कोण ऐकणार? अडलेल्या बाळंतिणीवर ओरडायची तसा दरडावणीचा आवाज तिनं काढला.

“बरं झालं, चार माणसांत कबूल केलंस! मंग माझं पोर मला दे. तुझी ज्वारी आणून टाकते. कचरू, कपडे भर.”

“तुळजाबाई, मस्करी करता काय?” द्वारकाबाई चपापली.

“बिलकुल न्हाई. म्हातारपणी मला बी कुणी पाह्यजे.” तिनं कचरूचं मनगट धरलं. गडी हुशार, लगेच उठला.

द्वारकाबाई एका झेपेत मधे आली. “हात लावून तर बघ! नऊ महिने पोटात वागवलं मी! माझं हाय ते! माझं!”

द्वारकाबाईचा हात तोंडावर गेला. आता काय होतं म्हणून ती कचरूला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळू लागली. तुळजाबाई मात्र निवांत भिंतीला टेकली. बाळंतीण मोकळी झाली की ती अशीच टेकायची.

पुष्पाबाई उठून द्वारकाबाईला खेटून बसली. “अशी भांडणारी सासू पोरीच्या पाठीशी राह्यली, तर मला कशाचा घोर न्हाई.”

कचरूला काहीसुद्धा झालं नाही. नुसता लाजला.